खडकाकडचं पाणी

१

वकिलांचे कपडे वाळूवर सापडले तेव्हा लॉजच्या पडवीत पहिला चहा गाळला जात होता.

फोटोवाली किनाऱ्याकडून धावत आली. पायांत चप्पल नाही, केस तोंडावर आलेले, मुठीत मोबाईल. पायरीशी येऊन ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

"तो बाहेर येत नाहीये! पोहायला गेला, तो बाहेरच येत नाहीये!"

"कोण?" मास्तरांनी विचारलं. विचारता विचारता कप खाली ठेवून ते उठलेही होते.

"वकील."

मास्तर तसेच बनियनवर धावत सुटले. उभी हयात शाळेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात गेलेली. पन्नाशी उलटली होती, पोट सुटलं होतं, पण पाणी दिसलं की माणूस विशीत जायचा. त्यांच्यामागे त्यांची लेक चिंगी धावली. तिचं खरं नाव फक्त कॉलेजच्या हजेरीपुरतं. आणि सगळ्यांच्या मागून, गुडघे सांभाळत, मावशी.

मावशी म्हणजे एक्स-रेच्या डॉक्टर, नुकत्याच रिटायर झालेल्या. जन्मभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या बरगड्या पाहिल्या, आता उजेडात बसून समुद्र बघायचा, असं म्हणून या वयात त्या पाठीवर सॅक मारून एकट्याच घराबाहेर पडल्या होत्या. बाकीचे त्यांना भेटले ते एका बसथांब्यावर. बस काही आली नाही. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "चालतच जाऊ हो! समुद्र सुटला नाही म्हणजे वाट चुकली नाही." सगळे हसले आणि खरंच चालू लागले. मास्तर आणि चिंगी, चाळिशीतले दाढीवाले, अबोल वकील, लग्नाचे फोटो काढणारी फोटोवाली आणि मावशी. नारळाच्या बागा, खाड्या, होड्या, कुठल्या कुठल्या गावातल्या खोल्या. पाच अनोळखी माणसांचं हळूहळू एक बिऱ्हाड होऊन गेलं. मास्तर स्वतः पन्नाशीचे, पण त्यांनीही मावशींना मावशीच म्हणायला सुरुवात केली.

किनाऱ्यावर शर्ट होता, त्यावर घडी केलेली पॅंट, पॅंटवर चष्मा, शेजारी चपलांचा जोड. पाणी तिथवर येऊन गेलं होतं आणि वाळू पुसून टाकल्यासारखी सपाट झाली होती. उजव्या हाताला काळा खडक समुद्रात घुसलेला, त्याच्या कडेने पाणी फेसाळत होतं.

मास्तर लाटांत शिरले. डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं. चिंगी नखं खात उभी होती. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि वाळूवर बसून धापा टाकू लागले.

"पाण्याला भयंकर ओढ आहे," ते म्हणाले. "मलाच खेचत होती. त्यांना काय पोहता येत होतं? गुडघाभर पाण्यात उभे राहायचे नुसते."

लॉजची मालकीण पदर खोचून मागे येऊन उभी राहिली होती. तिने खडकाकडे बोट दाखवलं.

"काल संध्याकाळी आलात तेव्हाच बजावलं होतं मी. त्या बाजूला उतरायचं नाही म्हणून. तिकडे गेलेलं माणूस हाती लागत नाही."

फोटोवाली मटकन खाली बसली.

२

इन्स्पेक्टर आले तेव्हा ऊन चढलं होतं. कोळ्यांच्या दोन होड्या बाहेर फिरून रिकाम्या परतल्या होत्या. खडकाजवळ जायला कोळी तयार नव्हते, होडी आपटेल म्हणाले.

इन्स्पेक्टर शांत स्वभावाचे, थकलेल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांनी वकिलांच्या मोबाईलवरून त्यांच्या घरी फोन लावला. पलीकडून बायकोचा आवाज आला. आधी नेहमीचा, मग प्रश्नांचा, मग नुसताच हुंदका. पडवीतल्या सगळ्यांना तो ऐकू गेला. चिंगी उठून आत गेली.

"पाण्यात जाताना कोणी पाहिलं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मी," फोटोवाली म्हणाली. "उजाडताना फोटो काढायला गेले होते. ते पाण्याकडे चालले होते, मी मागून एक फोटो घेतला. मग वर बागेत गेले. परत येऊन बघते तर नुसते कपडे." तिने मोबाईल पुढे केला. "कॅमेऱ्यातून यात घेतलाय."

फोटो हातोहात फिरला. सुरेख होता. कोवळा, निळसर उजेड. उजव्या बाजूला काळा खडक. मधोमध पाठमोरे वकील, अर्ध्या चड्डीवर, पाण्याच्या कडेला. उजवा पाय पुढे फेसात टाकलेला, मागे राहिलेल्या पायाच्या पोटरीला पांढरी पट्टी.

"ही पट्टी कसली?"

"ती मी बांधली होती," मावशी म्हणाल्या. "मागच्या गावी खडकावर पाय घसरला त्यांचा. शिंपल्याने पोटरी कापली. परवाच."

इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. "बॉडी मिळाली नाही तर कागदोपत्री फार त्रास होतो घरच्यांना. साक्षीदार आहे, फोटो आहे, निदान तेवढं तरी सोपं होईल." मावशी डॉक्टर आहेत असं कळल्यावर त्यांनी विनंती केली, "बाई, त्यांचं सामान तुम्ही आणि मालकीणबाईंनी मिळून एकत्र करून ठेवाल का?"

मावशींनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फोटो पुन्हा मागून घेतला. मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. हजारो चित्रं डोळ्यांखालून गेलेल्या माणसाला एक खोड लागते. काय बिघडलंय ते कळायच्या आधी, बिघडलंय एवढं कळतं.

या फोटोत काहीतरी बिघडलं होतं.

३

वकिलांची सॅक उघडताना मालकीण सारखी नाकाला पदर लावत होती. दोन शर्ट, टॉवेल, कंगवा, वाचायला घेतलेलं जाडजूड पुस्तक. मावशींनी एकेक वस्तू गादीवर मांडली. मग सगळे कप्पे पुन्हा चाचपले.

"काय शोधताय?" मालकिणीने विचारलं.

"गोळ्या. प्रेशरच्या. रोज सकाळी काही खायच्या आधी घ्यायचे ते. मास्तर त्यांना चिडवायचेसुद्धा, 'आधी गोळी, मग पोळी' म्हणून."

गोळ्या नव्हत्या. खिशात नव्हत्या, उशीखाली नव्हत्या, वाळूवरच्या पॅंटमध्येही सापडल्या नव्हत्या.

"असतील कुठेतरी," मालकीण म्हणाली. "नाहीतरी आता काय करायच्यात. एवढं मात्र खरं, बाई, आज सकाळपासूनच काही ठीक नव्हतं. मी उठले तर फाटकाची कडी काढलेली. रात्री मी स्वतः लावली होती."

"समुद्रावर जाताना काढली असेल त्यांनी."

"समुद्रावर जायला फाटक कशाला लागतंय? मागच्या दाराने उतरलं की वाळूच. फाटक रस्त्याकडे. तिथून उजाडायच्या आत दुधाची गाडी तेवढी जाते, बंदराच्या गावाला. दुसरं काही नाही."

मावशी गादीच्या कडेवर बसल्या. गोळ्या नाहीत. रस्त्याकडचं फाटक उघडं. दोन्हींचा काहीच अर्थ नसू शकतो. गोळ्या संपल्या असतील. कडी नीट लागली नसेल.

फोटोवाली मागच्या पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले. मावशी तिच्या शेजारी टेकल्या आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"पी थोडं. सकाळपासून घसा कोरडा आहे तुझा."

ती घटाघटा प्यायली.

"पहाटेच्या पाण्यात कसे काय उतरले, नवल वाटतं," मावशी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या. "इतके दिवस गुडघ्यापलीकडे गेले नाहीत."

"तेच ना! मी सांगितलं होतं, नको जाऊ. त्याला गार पाणी सोसतच नाही, लहानपणापासून..." ती थांबली. "म्हणजे, ते म्हणाले होते एकदा. वाटेत."

"हो का," मावशी म्हणाल्या.

वाटेत फोटोवाली वकिलांशी फार बोललेली कुणी पाहिलीच नव्हती. बोलली तरी 'अहो वकीलसाहेब' शिवाय नाही. आणि आज सकाळी पायरीशी आली तेव्हा ती 'ते' नव्हती म्हणाली. 'तो' म्हणाली होती. मघाशी इन्स्पेक्टरांपुढे पुन्हा 'ते'. आता 'नको जाऊ'. घाबरलेलं माणूस अदबीच्या गोष्टी विसरतं हे खरं. पण परक्या माणसाबद्दल घाबरल्यावर तोंडातून एकेरी येत नाही. ज्याला रोज एकेरी हाक मारतो त्याच्याबद्दलच येतं.

"तो फोटो मला पाठवतेस का ग?" मावशींनी विचारलं. "आठवण म्हणून."

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग पाठवला.

मावशी खोलीत गेल्या, खिडकीचा पडदा ओढला आणि अंधारात मोबाईल डोळ्यांसमोर धरला. शिकत असताना त्यांचे सर कायम ओरडायचे, आधी डावं-उजवं बघा, रोग नंतर शोधा. म्हणून त्यांनी आधी डावं-उजवं पाहिलं.

पुढे टाकलेला पाय उजवा. मागे राहिलेला डावा. पट्टी मागच्या पायाला.

त्यांनी डोळे मिटले. मागच्या गावची ती पडवी आठवली. वकील बाकावर, आपण खाली पाटावर, भिंत आपल्या डाव्या खांद्याला खेटलेली. पाय मांडीवर घेतला होता. कुठला?

उजवा. उजवाच होता.

माणसाची पट्टी एका पायावरून दुसऱ्या पायावर जात नाही. फोटो मात्र आरशातल्यासारखा उलटा करता येतो.

४

फोटो उलटा का करायचा, हे त्यांना लगेच उमगलं. मागच्या गावच्या किनाऱ्यावरही असाच एक काळा खडक होता. तो, त्यांना आठवत होतं त्याप्रमाणे, डाव्या हाताला होता. इथला उजव्या हाताला. वाळू आणि लाटा काय, सगळीकडे सारख्या. कालच्या पहाटेचा तिथला फोटो उलटा केला की तो आजचा इथला होतो. आणि आज पहाटे खरा फोटो काढता आला नव्हता, कारण फोटोपुरता उजेड व्हायच्या आत वकील दुधाच्या गाडीत बसून निघून गेले होते.

वकील बुडाले नव्हते.

असं वाटत होतं. खात्री कुठे होती? पट्टी उजव्या पायाला बांधली याला साक्षीदार एक म्हातारी बाई. खडक डावीकडे होता, हेही तिलाच आठवतंय. समजा, चूक झाली असेल? पलीकडे एक बाई टाहो फोडून रडतेय. तिला सांगायचं, तुझा नवरा जिवंत आहे, आणि संध्याकाळी त्याचं प्रेत किनाऱ्याला लागायचं? शेजारी एक पोरगी रडून रडून अर्धी झालीय, तिच्यावर असला आरोप करायचा? नोकरीत असताना पूर्ण खात्री पटल्याशिवाय मावशींनी एका ओळीचा रिपोर्ट दिला नव्हता. लोक त्यांना त्याबद्दल मानायचे.

आधी ताडून बघू, त्यांनी ठरवलं. चिंगीने मागच्या गावी मोबाईलवर ढिगाने फोटो काढले होते.

त्या बाहेर आल्या तर मागच्या दाराशी मास्तर उभे. कमरेला दोर गुंडाळत होते.

"कुठे निघालात?"

"ओहोटी लागलीय, मावशी. खडकाच्या मुळाशी एक कपार उघडी पडलीय, इथून दिसते. अडकलेच असतील तर तिथेच." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या बाईंचं रडणं काही कानातून जात नाही हो. माणूस गेला तर गेला, निदान शेवटचं तोंड तरी बघायला मिळावं."

"सकाळपासून पाण्यात आहात. पोटात काही नाही."

"पोटात भरपूर साठा आहे," मास्तर पोटावर थाप मारून म्हणाले.

मावशींच्या ओठांवर आलं होतं. अगदी ओठांवर.

"मास्तर, जरा थांबा."

"का? काय झालं?"

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. चिंगीच्या मोबाईलमधला एक फोटो बघायला असा कितीसा वेळ लागणार होता?

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जपून."

"तुम्ही काळजी करू नका. दोर त्या कोळ्याच्या हातात देतोय." आणि ते उतारावरून खाली गेले.

चिंगी खोलीत पालथी पडली होती. मावशींनी तिला उठवलं, पाठीवरून हात फिरवला आणि मागच्या गावचे फोटो दाखव म्हणाल्या. कशाला, असं तिने विचारलं नाही. मोठ्या माणसाला मन रमवायचं असेल, असं तिला वाटलं असावं. दोघी कॉटवर शेजारी शेजारी बसल्या. एकेक फोटो सरकू लागला. मास्तर नारळ सोलताना. मास्तर होडीत तोंड वेडंवाकडं करून. मध्येच चिंगी हसलीसुद्धा.

"हा बघा, मावशी, बाबांनी काढलेला. मी लाटेत पडले होते."

चिंगी वाळूत पसरलेली, मागे समुद्र, समुद्रात काळा खडक. डाव्या हाताला. आणि कडेला, नकळत चौकटीत आलेले वकील, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे. पट्टी उजव्या पोटरीला.

मावशी ताडकन उठल्या. "चिंगे, धाव! बाबांना म्हणावं बाहेर या, आत्ताच्या आत्ता बाहेर या!"

ते वाक्य संपायच्या आतच खालून ओरडा ऐकू आला. एकाचा नाही, बऱ्याच माणसांचा.

५

दोर खडकाच्या धारेवर कापला गेला होता. कोळ्याच्या हातात नुसतं टोक राहिलं. ओढीने मास्तरांना कपारीवर आपटलं आणि मग, जणू काम झालं म्हणून, लगेच किनाऱ्याकडे ढकलून दिलं. कोळ्यांनी त्यांना बाहेर काढलं. मावशींनी वाळूवर गुडघे टेकून छाती दाबली, श्वास दिला, पुन्हा दाबली. त्यांचे हात थांबेनात. शेवटी इन्स्पेक्टरांनीच त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं.

चिंगी वडिलांच्या केसांतली वाळू काढत बसली. रडत नव्हती. फक्त वाळू काढत होती.

तिन्हीसांजेला पडवीत इन्स्पेक्टर, फोटोवाली आणि मावशी एवढेच होते. मावशींनी दोन्ही मोबाईल टेबलावर शेजारी ठेवले.

"हा तुझा," त्या फोटोवालीला म्हणाल्या. "आणि हा चिंगीचा. खडक बघ. पट्टी बघ. मग सांग, वकील कुठे आहे?"

इन्स्पेक्टर पुढे वाकले. एका फोटोवरून दुसऱ्यावर त्यांची नजर फिरली आणि त्यांचा चेहरा हळूहळू कठीण झाला.

फोटोवालीने नाकारायचा प्रयत्नच केला नाही. ती दुपारपासून भिंतीला टेकून बसली होती, तशीच बोलू लागली.

"आम्ही शाळेपासून एकमेकांना ओळखतो. लग्न माझ्याशीच व्हायचं होतं. घरच्यांनी होऊ दिलं नाही. चार वर्षांपूर्वी एका लग्नात फोटो काढताना पुन्हा दिसला." तिने नाक पुसलं. "कुणाचं वाईट करायचं नव्हतं हो. ठरवलं होतं, चार परक्या माणसांत मिसळायचं, एकमेकांना ओळख द्यायची नाही. साक्षीला परकी माणसं असली की कुणी संशय घेत नाही. धोक्याचं पाणी मिळालं की झालं."

"सोडून का नाही गेला सरळ? लोक सोडून जातात की." इन्स्पेक्टर म्हणाले.

"तो म्हणायचा, बायकोला लोक टाकलेली म्हणतील. ते तिच्यावर येऊ द्यायचं नाही."

"आणि मास्तर पाण्यात उतरले तेव्हा?" मावशींनी विचारलं. "सकाळी ठीक आहे, तुझ्या अंदाजाबाहेर घडलं. दुपारी दोर बांधून जाताना तू पायरीवर बसली होतीस. तुझ्या अंगावरून गेले ते."

फोटोवालीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मावशींनाच नजर वळवावी लागली.

"मला वाटलं, ते पट्टीचे पोहणारे आहेत," ती म्हणाली. "येतील परत."

मग तिने बंदराच्या गावातल्या एका खानावळीचं नाव सांगितलं. बेटांकडची बोट दुसऱ्या दिवशी सुटायची होती.

६

वकील खानावळीच्या माडीवर खिडकीशी बसले होते. नवा चष्मा, दाढी काढून टाकलेली. समोर कप, कपाशेजारी गोळ्यांची पट्टी. दारात मावशी दिसल्या तेव्हा ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. इन्स्पेक्टर जिन्यातच थांबले होते. मावशींनी तेवढं मागून घेतलं होतं.

"मावशी! तुम्हाला कसं..." ते थांबले. "बसा. रागावू नका, आधी माझं ऐकून घ्या. तुम्ही समजूतदार आहात."

मावशी बसल्या नाहीत.

"मी काही पळपुटा नाही. तिला घर आहे, माहेर आहे. मेलेल्या नवऱ्याची बायको म्हणून सगळे तिला जपतील. पळून गेलेल्याची म्हणून दारात उभं करणार नाहीत. कुणाचं काही नुकसान न होता सगळं व्हावं, एवढंच पाहिलं मी. कुणाला केसाचाही धक्का नको."

"मास्तर गेले," मावशी म्हणाल्या.

"कुठे गेले?"

"तुम्हाला शोधायला गेले. खडकाकडच्या पाण्यात. दोनदा."

वकिलांना समजायला वेळ लागला. शब्द कानांवर पडत होते, पण आत शिरत नव्हते.

"पण का?" ते म्हणाले. "माझी त्यांची अशी काय ओळख? चार दिवसांची सोबत. चार दिवसांच्या ओळखीवर कोण असं..."

"मास्तर," मावशी म्हणाल्या.

वकिलांनी तोंडावर हात घेतले. खिडकीखाली बोटीचे हमाल एकमेकांना हाका मारत होते. मग ते म्हणाले, "त्यांच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको आहे. आता तुम्ही म्हणता तसं सगळे तिला जपतील."

त्या जिना उतरू लागल्या. इन्स्पेक्टर वर गेले. वकिलांच्या बायकोला फोन कुणी करायचा असं त्यांनी वाटेतच विचारलं होतं, आणि मावशींनी सांगितलं होतं, तो करेल. स्वतःच्या तोंडाने करेल.

७

इस्पितळाच्या व्हरांड्यात चिंगी बाकावर बसली होती. मास्तरांना घरी न्यायची गाडी यायची होती. मावशी येऊन शेजारी बसल्या.

"सापडला?"

"सापडला."

चिंगीने मान हलवली. तिचे डोळे कोरडे आणि लाल होते. ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "एक विचारू? आपण फोटो बघत होतो ना, तेव्हा तुम्ही ते शोधतच होतात. हो ना? तुम्हाला आधीच कळलं होतं."

आता खोटं बोलणं अगदी सोपं होतं. फोटो बघितला तेव्हा कळलं, एवढं म्हटलं असतं तरी ते पुष्कळसं खरंच होतं. इन्स्पेक्टरांनी तसंच लिहून घेतलं होतं.

"कळलं होतं," मावशी म्हणाल्या. "खात्री नव्हती."

"बाबा उतरायच्या आधी?"

"आधी. मी त्यांना थांबा म्हटलं. का, असं त्यांनी विचारलं. मी काही नाही म्हटलं."

चिंगीने ऐकलं. ती उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली. मावशींनी स्वतःची सॅक जवळ ओढली. आपण आता जावं हे त्यांना कळत होतं.

गाडी आली. दोन माणसांनी मागचं दार उघडलं. चिंगी चालत परत आली आणि मावशींच्या समोर उभी राहिली.

"तुम्ही माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. "आईला हे सांगावं लागेल. मी नाही सांगणार. माझ्याने नाही होणार. तुम्ही सांगायचं."

मावशींनी सॅक पाठीवर घेतली.

दोघी पुढच्या बाकावर बसल्या, मागे मास्तरांचं स्ट्रेचर. एका वळणावर गाडी जोरात हलली तेव्हा चिंगीने झटकन मागे हात टाकून स्ट्रेचरचा कठडा धरला. त्याच वेळी मावशींनीही धरला. पुढचा सगळा रस्ता दोघींचे हात तिथेच राहिले, एकमेकींना न लागता.

मग घरात जे व्हायचं ते झालं. माणसं जमली, रडली, मास्तरांना घेऊन गेली, परत आली, आपापल्या घरी पांगली. शाळेतली पोरं गणवेशातच आली होती, ती जिन्यावर गप्प बसून राहिली आणि मग तीही गेली. मावशी तोवर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. ही कोण, असं दोघा-तिघांनी विचारलं. प्रवासातली ओळख, असं त्यांना सांगण्यात आलं.

शेवटी घरात तिघीच उरल्या. मास्तरांची बायको स्वयंपाकघरात गेली. काही तरी करायला हवं म्हणून तिने गॅसवर आधण ठेवलं. चिंगी मावशींना घेऊन दारात आली.

"आई, या मावशी. बाबांबद्दल यांना तुला काही सांगायचंय."

मास्तरांच्या बायकोने वळून पाहिलं. रडून चेहरा ओळखू न येण्याजोगा झाला होता, तरी तिने पाहुणीसाठी हसण्याचा प्रयत्न केला.

"बसा ना. हे फोनवर सारखे सांगायचे तुमच्याबद्दल. फार हुशार बाई आहेत म्हणायचे. साखर किती घालू चहात?"

"आधी माझं ऐकून घ्या," मावशी म्हणाल्या. "मग मला चहा द्यायचा की नाही ते ठरवा."

त्या बाईने एकदा लेकीकडे पाहिलं, मग हात पुसून गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"त्या दिवशी दुपारी मास्तर कमरेला दोर बांधत होते," मावशींनी सांगायला सुरुवात केली.